गावात एचआयव्हीची तपासणी ठेवायचीय, लोक येतील कसे? सल्ला द्या

पाणंद | १८ सप्टेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इथं चार-पाच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात, तीनशे उंबरा असेल. काल गणपती बोळवले. यंदा डीजे लावला नाही त्यामुळे वर्गणीतले थोडे पैसे उरले आणि ते कुठं लावायचे म्हणून मीटिंग झाली, तेव्हा मी म्हणालो १ डिसेंबरला एड्स दिन असतो, त्या दिवशी गावात एचआयव्हीची तपासणी ठेवू. सगळे गप. मग एकजण म्हणाला त्या रांगेत उभं कोण राहणार बाबा, दुसऱ्या दिवशी गावभर होईल.

मी हे का म्हणालो ते पण सांगतो. माझा चुलत भाऊ ट्रकवर होता, २००२ ला गेला. तेव्हा सरकारी दवाखान्यात याच्या गोळ्या फुकट मिळत नव्हत्या आणि बाहेरच्या आमच्या ऐपतीच्या नव्हत्या. सलाईन लावायचे, घरी पाठवायचे. मी आठवीत होतो. आईनं सांगितलं होतं त्यांच्यात पाणी प्यायचं नाही. एकदा डबा द्यायला गेलो तर भाऊ खाटेवरून म्हणाला बस की रे जरा, आणि मी दारातनंच परत फिरलो. वहिनीचं ताट-वाटी पुढं दहा वर्षं वेगळी होती. ती अजून गावातच आहे, रोजानं जाते. आता मला दोन पोरं आहेत आणि तो "बस की रे" अजून कानात आहे.

तर माझा विचार असा आहे की शिबिर शुगर-बीपीचं म्हणायचं. रक्त घेतलंच आहे तर त्यातच एचआयव्ही पण करून टाकायची, कुणाला सांगायचीच गरज नाही, ज्याला निघेल त्याला गुपचूप बोलवून सांगायचं. कसं वाटतं?

---

सरकी | १८ सप्टेंबर, रात्री १०.५१

धागा काढला ते फार चांगलं केलंत भाऊ. वाचतेय.

---

खोली_क्रमांक_सात | १९ सप्टेंबर, सकाळी ७.४०

पाणंददादा, मी एका ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे, तेरा वर्षं झाली. तुमची तळमळ पोचली म्हणून आधीच स्पष्ट सांगते, न सांगता तपासणी अजिबात करायची नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय. माणसाला समजावून सांगून त्याचा होकार घेतल्याशिवाय तपासता येत नाही, आणि रिझल्ट त्याला विचारल्याशिवाय सरपंचाला, मंडळाला कुणालाच सांगता येत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या माणसाकडे बघा. तो शुगर बघायला आला होता. आठ दिवसांनी तुम्ही त्याला कोपऱ्यात घेऊन सांगणार की तुला एचआयव्ही आहे. तो ते ऐकायला तयारच नसतो, आणि एकदा फसवून तपासलं असं मनात बसलं की दवाखान्याची पायरी चढत नाही. माझ्याकडे अशी माणसं आलीत ज्यांची कसल्यातरी ऑपरेशनआधी बाहेर कुठंतरी न विचारता तपासणी झाली, कुणी समोर बसून काही सांगितलं नाही, हातात कागद दिला. ती माणसं तीन-तीन वर्षांनी टीबी घेऊन माझ्यापर्यंत येतात. तेवढ्या वेळात गोळ्या सुरू होऊन माणूस ठणठणीत कामावर असता हो.

शुगर-बीपीबरोबर ठेवायची कल्पना मात्र उत्तम आहे, ती सोडू नका. फक्त असं करा. रांग एकच. आधी वजन, बीपी, शुगर, बायकांचं हिमोग्लोबिन. मग प्रत्येकाला आतल्या खोलीत एकट्याला बोलवायचं, तिथं आमचा माणूस विचारणार की एचआयव्हीची पण करायची का. हो म्हणाला तर बोटाला टोचून थेंबभर रक्त, १५-२० मिनिटांत कळतं. नाही म्हणाला तर ठीक, पण त्यालाही आत तेवढाच वेळ बसवायचं, आहार-तंबाखूवर बोलायचं, आणि त्याच दारानं सोडायचं. म्हणजे बाहेरच्याला कळत नाही कोण हो म्हणालं आणि कोण नाही. शाळेची खोली घ्या, दोन दारांची असेल तर अजून बरं. देवळाचा सभामंडप नको, तिथं आडोसा होत नाही.

अजून एक, गावात होते ती फक्त पहिली चाळणी. त्यात रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संशयित, आलं म्हणजे पॉझिटिव्ह ठरलं असं नाही. त्या माणसाला आयसीटीसीत बोलवून तीन वेगवेगळ्या किटवर तपासतो आणि मग सांगतो. सगळं फुकट असतं. तुमच्या सिव्हिल हॉस्पिटलला डापकूचं ऑफिस असेल, जिल्ह्याचं एड्सचं काम तिथून चालतं, मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. त्यांच्याकडून टीम येते, काही ठिकाणी गाडी पण मिळते.

---

पाणंद | १९ सप्टेंबर, दुपारी १.०५

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुपचूप केलं म्हणजे माणसाची लाज वाचेल असं मला वाटत होतं. बरं झालं आधी विचारलं. न सांगता करायचं कॅन्सल.

---

वाढ्याची_मोळी | १९ सप्टेंबर, रात्री ९.२०

पाणंदभाऊ तुम्ही डोंगरपट्ट्यातले म्हणताय आणि तारीख १ डिसेंबर धरताय? गावात राहणार कोण त्या दिवशी? माझे आईबाप वीस वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते, मी पण दहावीपर्यंत दर साल अर्धी शाळा कारखान्यावरच केली. दिवाळी झाली की ट्रक लागतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते थेट उन्हाळ्यात परत. १ डिसेंबरला तुमच्या रांगेत म्हातारी माणसं आणि बारकी पोरं उभी राहतील, ज्यांच्यासाठी करायचं ते सगळे फडात. शिबिर घ्यायचं तर दिवाळीच्या आत घ्या, आणि टीमला आधीच सांगून ठेवा की इथली माणसं पुढचे पाच-सहा महिने गावात नसणार.

आणि हात जोडून एक सांगतो, बॅनरवर भाषणात कुठंही ऊसतोड कामगारांसाठी असं लिहू बोलू नका. आधीच आमच्या लोकांवर शिक्के कमी नाहीत. अख्ख्या गावासाठी म्हणा, सरपंच मास्तर सगळ्यांनी बोट पुढं करावं.

---

खोली_क्रमांक_सात | १९ सप्टेंबर, रात्री १०.०२

वाढ्याची मोळी, लाखातलं बोललात. दरवर्षी डिसेंबरात रॅली निघते, कॉलेजची रेड रिबन क्लबची पोरं मनापासून घोषणा देतात, आणि ज्या वस्तीत जायचं ती कुलूपबंद असते. हे मी स्वतः बघितलंय. या तारखेच्या हट्टापायी आम्ही कितीतरी माणसं घालवलीत असं मला वाटतं.

गोळ्या चालू असलेल्यांसाठी पण सांगून ठेवते, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पोचवा. कारखान्यावर जायच्या आधी एआरटी सेंटरला, म्हणजे जिथून एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, सांगायचं की आम्ही अमुक महिने बाहेर जातोय. तब्येत स्थिर असली तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. आणि उपचारांची नोंद असलेलं ते हिरवं पुस्तक बरोबर ठेवायचं, ते दाखवून तिकडच्या सेंटरवर गोळ्या घेता येतात. पुस्तक कुणी बघेल म्हणून लोक घरी ठेवून जातात आणि मग गोळ्या तुटतात. गोळ्या मधेच सुटणं फार वाईट, विषाणू परत वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

---

स्पष्टवक्ता६४ | २० सप्टेंबर, सकाळी ६.३०

कुणाला राग येईल पण बोलतो. जो नीट वागतो त्याला हा रोग होत नाही. वागणं सुधारा, तपासणीची गरजच पडणार नाही. संस्कारांवर शिबिर घ्या.

---

अबोली_दारातली | २० सप्टेंबर, सकाळी ११.४८

काका, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. माझं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, बघून, पत्रिका बघून, पाहुण्यापाहुण्यांत. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायला गेले, तिथं सगळ्या गरोदर बायकांची करतात तशी माझी पण तपासणी केली. मला आहे. मग ह्यांची केली, त्यांना पण. माझ्या वागण्यात काय सुधारायचं होतं ते तुम्हीच सांगा.

मी रागानं लिहीत नाहीये. हे इथं लिहिते कारण ती तपासणी झाली म्हणून माझा मुलगा आज नीट आहे. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू केल्या. बाळ झाल्यावर त्याला सहा आठवडे सिरप पाजलं, दीड महिन्याचा असताना टाचेतून रक्ताचे ठिपके कागदावर घेतले, आणि अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह. अंगावर पाजलं मी त्याला, मॅडमनी सांगितलं होतं गोळ्या न चुकवता घेतल्यास पाजू शकतेस. आता चौथीत आहे.

एक गोष्ट अजून बोचते ती लिहून टाकते. बाळंतपणाच्या वेळी एका दवाखान्यात माझ्या कॉटला मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती. भेटायला आलेली माझी मावशी वाचता येणारी होती. तिथून सगळ्या माहेरात गेलं. आजाराचं मी सोसलं असतं, ती चिठ्ठी नाही सोसवली. पाणंददादा, तुम्ही ज्या खोलीत घेणार तिथं भिंतीवर, टेबलावर, वहीवर कुणाचं काही दिसणार नाही एवढं बघा.

---

सरकी | २० सप्टेंबर, दुपारी १२.१५

अबोली, तुझ्या पोराला खूप खूप प्रेम गं.

---

खोली_क्रमांक_सात | २० सप्टेंबर, रात्री ८.३३

अबोली, लिहिलंस म्हणून किती जणींना धीर येईल. आईला वेळेत कळलं नाही आणि गोळ्या नसल्या तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते, आणि वेळेत उपचार झाले तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. सगळा फरक त्या पहिल्या तपासणीचा.

स्पष्टवक्ताकाका, तुमच्यासाठी आणि जरा सगळ्यांसाठीच. अबोलीसारख्या बाईला लोक "बिचारी, निष्पाप" म्हणतात. मी पण सुरवातीला म्हणायचे. मग एकदा ट्रक चालवणारा एक पेशंट मला म्हणाला, मॅडम ती निष्पाप, म्हणजे मी पापी का? त्या दिवसापासून तो शब्द सोडला. माझ्या टेबलासमोर जो बसतो त्याला कसा झाला यावर त्याच्या गोळीचा डोस बदलत नाही. आणि गावात जोवर नीट वागणारे आणि वाईट वागणारे अशी वाटणी आहे तोवर नीट वागणारा माणूस तपासायला येणारच नाही, कारण आला की लोक विचारणार, तुला का गरज पडली? त्यामुळे तुमची ती वाटणीच रांग मोडते काका.

देशात अंदाजे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत आणि राज्यांमध्ये आकडा महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा आहे. टक्केवारीत बघितलं तर मोठ्या माणसांमध्ये ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. हजारातली ती दोन माणसं शोधायला बाकी नऊशे अठ्ठ्याण्णवांनी पण बोट पुढं करावं लागतं.

---

स्पष्टवक्ता६४ | २१ सप्टेंबर, सकाळी ६.४५

वाचलं. एक विचारतो, सलूनमधल्या वस्तऱ्यानं होतो का? आणि जत्रेत पोरं हातावर गोंदून घेतात त्यानं?

---

स्टाफरूम | २१ सप्टेंबर, सकाळी ९.१०

काका मी स्टाफ नर्स आहे, मी सांगते. वस्तऱ्यातून एचआयव्ही व्हायची शक्यता अगदीच कमी, पण कावीळ ब सारखे रक्तातून पसरणारे दुसरे आजार पण असतात म्हणून नवीन ब्लेड मागायचीच, लाजायचं नाही. गोंदणाची सुई मात्र एकच दहा जणांना वापरत असतील तर पोरांना लांब ठेवा. आणि इंजेक्शन! गावात सुई मारणारे कुणीकुणी असतात, त्यांना पाकीट समोर फोडायला लावा. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नावच्या बांगरमऊ भागात एका भोंदू डॉक्टरनं तीच सिरींज फिरवली असं समोर आलं होतं, चाळीसहून जास्त लोक पॉझिटिव्ह निघाले होते. डासानं, ताटानं, संडासानं, मिठी मारल्यानं, एका हौदावर पोहल्यानं होत नाही. पाणंदभाऊ, तुम्ही त्या खाटेवर बसला असता तरी काही झालं नसतं, आणि तुम्ही आठवीतले होता, तुम्हाला सांगणारंच कुणी नव्हतं.

मला स्वतःला ड्युटीवर सुई टोचली होती तीन वर्षांपूर्वी, पेशंट पॉझिटिव्ह होता. हात धुतला, तासाभरात पीईपीच्या, म्हणजे संपर्क आल्यावर लागण टाळायच्या, गोळ्या सुरू केल्या, २८ दिवस घेतल्या, रिपोर्ट नॉर्मल. या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, उद्या बघू परवा बघू करायचं नाही. बलात्कार झालेल्या बाईला किंवा मुलीला पण या देतात, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. घरचे आधी पोलीस का आधी दवाखाना यात दोन दिवस घालवतात. आधी दवाखाना.

---

रात्रपाळी | २२ सप्टेंबर, मध्यरात्री १.५५

नवीन आयडी काढून विचारतोय. पुण्यात असतो, आयटीत. मी पुरुषांकडे आकर्षित होतो. साधारण तीन आठवड्यांपूर्वी एकाशी संबंध आला, कंडोम नव्हता. तेव्हापासून झोप नाही. ऑनलाइन वाचून वाचून प्रत्येक लक्षण मलाच आहे असं वाटतंय, कालपासून घसा दुखतोय. सरकारीत गेलो तर मला काय काय विचारतील, नाव सांगावं लागेल का, घरी पत्र येईल का? घरचे कोल्हापुरात असतात, त्यांना काहीच माहीत नाही.

---

खोली_क्रमांक_सात | २२ सप्टेंबर, सकाळी ७.१५

बाळा, आधी श्वास घे. विचारलंस ते फार बरं केलंस.

घरी पत्र वगैरे काही येत नाही. रिझल्ट तुला एकट्याला, समोर बसवून सांगतात. संबंध बाईशी का पुरुषाशी हे विचारतात कारण त्यावरून सल्ला ठरतो, तू सांगितलंस तर ते त्या खोलीतच राहतं. तरी पहिल्यांदा जायला धीर होत नसेल तर १०९७ ला फोन कर, नॅकोची, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची हेल्पलाईन आहे, टोल फ्री, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. पुण्यात ससूनला आयसीटीसी पण आहे आणि एआरटी सेंटर पण. मुंबईला येणं-जाणं असेल तर हमसफर ट्रस्ट १९९४ पासून याच कामात आहे, तिथं तुला काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

पीईपीची ७२ तासांची वेळ गेली, त्याचा आता विचार नको. घसा दुखतो म्हणजे एचआयव्ही असं काही नाही, लक्षणांवरून कुणालाच कळत नाही, मला पण कळत नाही. तपासणी आत्ता करून घे, पण तीन आठवड्यांत ती निगेटिव्ह आली तरी त्यावर थांबायचं नाही. तपासणीत दिसतात त्या, विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडी शरीरात तयार व्हायला वेळ लागतो, त्यालाच विंडो पिरियड म्हणतात. तीन महिने पूर्ण झाले की परत कर, मग खात्रीनं सांगता येतं. तोवर कंडोम, आणि रक्तदान करायचं नाही. बरोबरच गरमी (सिफिलिस) आणि कावीळ ब-क पण तपासून घे. पुढं लागलं तर प्रेपबद्दल डॉक्टरांना विचार, लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी असते ती.

आणि समजा निघालाच, तर रोज एक गोळी. आता टीएलडी म्हणून तीन औषधांची एकच गोळी मिळते, सरकारीत फुकट. ती नियमानं घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, मोठमोठ्या अभ्यासांत सिद्ध झालेलं आहे. पाणंददादांचा भाऊ २००२ ला गेला. फुकट गोळ्या १ एप्रिल २००४ ला सुरू झाल्या. त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं आठवली की मला अजून वाईट वाटतं, पण तू त्या काळात नाहीयेस.

जाऊन आलास की इथं नुसतं "गेलो" एवढं लिही. रिझल्ट लिहू नकोस.

---

पाणंद | २२ सप्टेंबर, रात्री ९.४०

दोन वर्षं. मी कधी हिशोबच केला नव्हता.

---

रात्रपाळी | २४ सप्टेंबर, दुपारी ४.०२

गेलो.

---

अबोली_दारातली | २४ सप्टेंबर, दुपारी ४.३०

शाब्बास.

---

पाणंद | ३ ऑक्टोबर, रात्री १०.२०

अपडेट. डापकूत अर्ज दिला, तारीख मिळाली, ६ ऑक्टोबर रविवार. सोयाबीन काढणी जोरात आहे, दहानंतर गावात माणूस सापडत नाही म्हणून टीमला विनंती केली आणि त्यांनी सकाळी ७ ची वेळ मान्य केली, लांबून येणार आहेत बिचारे. काल २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतला. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या पण उभा राहिलो आणि भावाचंच सांगितलं, खाटेचं, पाण्याचं, सगळं. वहिनीला आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं बोलू का म्हणून. ती म्हणाली बोल, आता माझं काय जायचं राहिलंय. ग्रामसभेत कुणी काही बोललं नाही पण उठून पण गेलं नाही कुणी.

नवरात्राचं कीर्तन चालू झालंय, बुवांना दहा मिनिटं मागितली आहेत. बुवा म्हणाले आमच्या पालीला बारगजे दांपत्य इन्फंट इंडियात एचआयव्ही असलेल्या एवढ्या पोरांना सांभाळतंय, त्यांच्यावर बोललो तरी लोकांना पोचेल. मला हे सुचलं नसतं.

आशाताई घरोघर जातायत. बायका येतील म्हणतात. गड्यांचं काही सांगता येत नाही.

---

वाढ्याची_मोळी | ३ ऑक्टोबर, रात्री १०.४५

मुकादमाला धरा. मुकादम बसला की टोळी बसते.

---

पाणंद | ६ ऑक्टोबर, रात्री ११.१०

झालं. थकलोय पण लिहूनच झोपतो.

साडेसहाला शाळेत गेलो तर मंडळाच्या एका पोरानं उत्साहात फ्लेक्स आणून लावलेला, भलामोठा, लाल अक्षरात एड्स. सात वाजायच्या आत उतरवला आणि फळ्यावर खडूनं लिहिलं, आरोग्य तपासणी, सर्वांसाठी. पोरगं हिरमुसलं, त्याला नंतर बाजूला घेऊन समजावलं. दुसरं एकजण स्टेटसला टाकायला रांगेचे फोटो काढत होता, टीमच्या समुपदेशक ताईंनी त्याच्यासमोर उभं राहून डिलीट करायला लावले. तुम्ही इथं चिठ्ठीचं लिहिलं होतं ना अबोलीताई, ते डोक्यात होतं म्हणून दारातच एका माणसाला मोबाईल ठेवायच्या टोपलीवर बसवलं.

पहिला अर्धा तास फक्त बायका. गडी पाराखाली तंबाखू मळत बघत होते. सरपंच आत जाऊन बोट टोचून आले तरी हलेनात. साडेसातला मुकादम आला, मोळीभाऊ तुमचं ऐकून मी आदल्या रात्री त्याच्या घरी दोन तास बसलो होतो, तो काही न बोलता रांगेत उभा राहिला. मग त्याच्यामागं अकरा कोयते, म्हणजे अकरा जोड्या, नवरा-बायको दोघं दोघं. आत मात्र एकेकालाच सोडलं, ताईंनी नवऱ्यासमोर बायकोला विचारायचं नाही असं सांगितलं होतं.

साडेदहापर्यंत १६८ जणांची शुगर-बीपी झाली. त्यातले १०४ एचआयव्हीला हो म्हणाले असं टीमनं जाताना सांगितलं. बाकी किती निघाले, निघाले का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं पण नाही. गावात दोघातिघांनी मला दुपारीच गाठलं, सांग की रे कुणाचं काय. मी म्हणालो मलाच माहीत नाही, आणि ते खरं आहे म्हणून सांगायला सोपं गेलं.

वहिनी आली होती. तपासणीला नाही, चहा करायला. घरनं स्टोव्ह आणि पातेलं घेऊन आली, मी काही बोललो नव्हतो. टीमला, रांगेतल्यांना, सगळ्यांना तिनं कप दिले. पहिला कप बुवांनी घेतला. मग मी. काही जणांनी नको म्हटलं, बऱ्याच जणांनी घेतला. माझी आई पण आली होती बीपी दाखवायला, तिनं घेतला आणि कप धुवायला वहिनीजवळच बसली.

---

खोली_क्रमांक_सात | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.५८

तीन वेळा वाचलं दादा.

न आलेल्यांसाठी आयसीटीसीचा पत्ता आणि १०९७ नंबर शाळेच्या आणि अंगणवाडीच्या फळ्यावर कायम राहू द्या. काही माणसं शिबिराला येत नाहीत, महिन्यानं एकटी तालुक्याला येतात. आमच्याकडे निम्मी अशीच येतात.

---

स्पष्टवक्ता६४ | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आमच्या गावी ठेवायचं असेल तर अर्जाचा नमुना मिळेल का.

---

पाणंद | ७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

काका, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

पाणंद | २४ नोव्हेंबर, रात्री ८.१५

धागा परत वर काढतोय. आमची टोळी शिरोळ तालुक्यात उतरलीय. मुकादमाचा काल फोन आला, म्हणतो इथं आमच्या अड्ड्यावर पाच जिल्ह्यांच्या टोळ्या मिळून साठ-सत्तर झोपड्या आहेत, तुमच्या गावात केलं तसं इथं होईल का, पण संध्याकाळी पाहिजे, दिवसभर फडात असतात. तिकडं कुणाला विचारायचं ते मला कळेना. कोल्हापूर-सांगलीकडचं इथं कुणी आहे का?

---

रात्रपाळी | २४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

मी आहे. शुक्रवारी घरी कोल्हापूरला चाललोय, शनिवारी तिकडच्या सिव्हिलला जाऊन विचारून येतो. मुकादमांचा नंबर त्यांना विचारून मला व्यनि करा.